घराखालची खाण

बाळासो शेलार जन्मला मेढ्याच्या वरच्या खोऱ्यात आणि वाढला पलूसच्या काळ्या रानात. मधे एक धरण आलं. वाडी पाण्याखाली जाणार म्हणून बापानं स्वतःच्या हातानं घराची कौलं उतरवली, वासे सोडवले आणि सगळा संसार एका ट्रकवर चढवला. सहा-सात वर्षांचा बाळासो त्या वाशांवर बसून पलूसला आला. ट्रकवर बसायची ती पहिलीच वेळ, त्यामुळं वाटभर तो खुशीत होता. भाताच्या खाचरांतली माणसं उसाच्या मुलखात आली. इथल्या लोकांनी त्यांच्या वस्तीला ‘धरणवाली वसाहत’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजतागायत पुसलं गेलेलं नाही. शाळेतली पोरं त्याच्या बोलण्याला हसायची. मग त्याचं बोलणं इथलंच होऊन गेलं, इतकं की मेढ्याकडचे पाहुणे आता त्यालाच ‘सांगलीवाला’ म्हणतात.

त्याचा बाप धरणाच्या गोष्टी चारचौघांत रंगवून सांगायचा. मोर्चे, लाठ्या, साताऱ्याच्या कचेरीतले हेलपाटे. बाळासोची आई चंद्राबाई मात्र त्या वेळी काही ना काही निमित्त काढून आत निघून जायची. ती त्या वाडीबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. बाप गेला, तरी नाही.

बाळासो फौजेत भरती झाला, इंजिनियर रेजिमेंटमध्ये. तिथं त्याच्या हाताखाली पोकलेन आला आणि दोघांचं जमून गेलं. लडाखात त्यानं डोंगर फोडून रस्ते केले. हवालदार होऊन परतला, पण घरी बसून अंगाला चैन पडेना. मग आखातात एका कंपनीत लागला. त्या कंपनीनं पुढं उत्तर युरोपात एका खाणीच्या गावी घरं पाडायचं काम घेतलं. थंडीत यंत्र चालवणारा माणूस हवा होता, आणि लडाखात राहिलेला माणूस आयता सापडला. असा बाळासो पन्नाशीला टेकताना पार स्वीडनच्या उत्तर टोकाला जाऊन पोचला. त्या गावाचं नाव त्याला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, तेव्हा आपणही त्या फंदात पडायला नको.

त्याच्याबरोबर सरफराज शिकलगार होता. तोही पलूसच्याच अंगाचा, यंत्रांचा मिस्त्री. दोघं एका खोलीत राहायचे. पहिल्या आठवड्यात सरफराजनं गाव फिरून बघितलं आणि येऊन म्हणाला, “बाळासो, ह्ये काय प्रकरन हाय गड्या? घरं चांगली खणखणीत हायत. पाडायची कशापायी?”

उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं एका डोंगरात लोखंडाचा दगड सापडला. आधी डोंगर वरून खाल्ला, मग आतून. दगडाचा थर होता तिरका. तो खोल जाता जाता गावाच्या पोटाखाली शिरला होता. कणगीचं खालचं भोक उघडलं की ज्वारी खालून वाहते आणि वरचा ढीग आपोआप खचतो, तशी ती खाण. खालून दगड काढायचा आणि वरची जमीन खचू द्यायची. खचत खचत भेगा गावाच्या वेशीला आल्या, तेव्हा ठरलं की खाण थांबायची नाही, गाव उठायचं. तीनेक किलोमीटरवर नवीन गाव बांधलं होतं. काही जुनी लाकडी घरं मोठ्या गाड्यांवर अख्खी उचलून नेली. बाकीची बाळासोच्या वाट्याला आली.

त्याला ते काम सोपं गेलं नाही. मोकळं घर पाडताना आत काय काय राहिलेलं दिसायचं. दारावर पोरांच्या उंचीच्या खुणा, भिंतीवर कॅलेंडरचा ठसा. सरफराज म्हणायचा, “आपुन पाडाया आलोय, रडाया न्हाई.” आणि बाळासो मान हलवून यंत्रावर चढायचा.

एके दिवशी तो एका रांगेतलं शेवटून दुसरं घर पाडत होता. शेवटच्या घराचं दार उघडलं, एक म्हातारी बाहेर आली आणि तिनं हातानं त्याला ‘ये’ म्हणून खुणावलं. आता शिव्या खायच्या, या तयारीनं बाळासो खाली उतरला. तिनं त्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि कॉफीचा कप पुढं ठेवला. कॉफीत चीजचे तुकडे घातलेले होते. बाळासोनं एकदा कपाकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं.

“पी,” ती म्हणाली. “आमच्याकडे अशीच असते.” तरुणपणी तिनं परदेशी इंजिनियरांच्या खानावळीत काम केलं होतं, त्यामुळं तिला इंग्रजी येत होतं. बाळासोची इंग्रजी फौजेतली. दोघांचं मोडकंतोडकं एकमेकांना बरोबर समजायचं.

“तू बरा पाडतोस,” ती म्हणाली. “तुझ्या आधीचा होता, त्यानं भिंत आडवी केली की माझी भांडी हलायची.”

तिचं नाव बिरेत. वय ऐंशीच्या घरात. ती सामी होती. हे खाणीच्याही आधीपासून त्या मुलखात राहणारे लोक. रेनडिअरचे कळप राखायचे, हिवाळ्यात रानात आणि उन्हाळ्यात डोंगरापलीकडं, आपल्याकडचे मेंढके पावसापाण्याप्रमाणं कळप घेऊन फिरतात तसे. बाळासो रोज दुपारी तिच्याकडं जाऊ लागला आणि बिरेत रोज थोडं थोडं सांगू लागली.

पहिल्यांदा जे खाणवाले आले, त्यांना डोंगरातला काळा दगड सामींनीच दाखवला होता. तिचा आजोबा रेनडिअरच्या घसरगाडीवर घालून तो दगड खाली वाहायचा. त्याला वाटलं, चार लोकं येतील, चार दगड नेतील. पण आगगाडी आली. कळपाची जायची वाट रुळांनी तोडली. दरसाल गाडीखाली जनावरं कापली जायची. सामींच्या पोरांना घरापासून लांब वेगळ्या शाळांत ठेवायचे, तिथं फक्त स्वीडिश बोलू द्यायचे. बिरेत सात वर्षांची असताना तिथं गेली आणि घरी परतली तेव्हा तिला स्वतःच्या आजीशी धड बोलता येत नव्हतं.

“आणि मग मी काय केलं असेल?” तिनं विचारलं. “खाणीतल्या माणसाशी लग्न केलं. निल्स त्याचं नाव. माझे वडील म्हणाले, ज्यांनी आपला डोंगर खाल्ला, त्यांच्या ताटात जेवायला चाललीस. बरीच वर्षं बोलले नाहीत ते माझ्याशी. आणि खरंच होतं त्यांचं. ही भिंत, ही चूल, पोरांची शिक्षणं, सगळं त्या डोंगराचंच. निल्सच्या छातीत शेवटी धूळ बसली. तो तर त्या खाणीनं खाल्ला. पण त्याच्या आधी आम्ही तिला खाल्लं होतं. मी कुणाच्या नावानं ओरडू, सांग?”

 बाळासोनं चीजची कॉफी संपवली. ती त्याला आता आवडू लागली होती.

गावातल्या सगळ्यांनी घरं सोडली होती, बिरेतनं सोडलं नव्हतं. नव्या गावात तिसऱ्या मजल्यावर तिची जागा तयार होती. ती कोर्टात गेली नव्हती, भांडत नव्हती, पाटी घेऊन दारात बसली नव्हती. फक्त सामान बांधत नव्हती. तारीख आली की कंपनीची माणसं यायची, ती दार उघडायची नाही, तारीख पुढं जायची.

शेवटी कामावरच्या मुकादमानं, तो तिथल्याच एका खाणकामगाराचा मुलगा, बाळासोला बोलावलं. “तुझ्यासाठी ती दार उघडते. तूच समजाव. जमीन कुणासाठी थांबत नाही.”

बाळासोला ते जड गेलं. फौजेत वरून हुकूम यायचा आणि तो पाळायचा. इथं हुकूम नव्हता, विनंती होती, म्हणून जास्त अवघड. रविवारी त्यानं घरी फोन लावला. बायकोशी, राजेश्वरीशी बोलून झालं, मग त्यानं आईला द्यायला सांगितलं.

“आये, हितं एक म्हातारी हाय. घर सोडाया तयार न्हाई. खाली समदी पोकळ झालीया जमीन. तिला जा म्हनून सांगायचं माज्यावर आलंय. काय सांगू?”

पलीकडं चंद्राबाईनं सुनेला पंखा बंद करायला सांगितलं. 

“तिला जा म्हनू नगंस,” चंद्राबाई म्हणाली. “जायाचं हाय त्ये तिला कळतंय की. ती काय खुळी हाय? तिला इचार, बाई, तुला काय पायजे. जायाच्या आदी तुला काय करायचं हाय.”

“आन तिनं काय बी मागिटलं तर?”

“मागू दी. मला कुनीबी इचारलं न्हवतं.”

एवढं बोलून तिनं फोन सुनेच्या हातात दिला.  इतक्या वर्षांत आई त्या वाडीबद्दल पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही एवढंसंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं बिरेतला विचारलं. आईनं सांगितलं होतं तसंच, इकडंतिकडं न करता. त्याच्या मनात होतं, ती एखादं झाड न्यायला सांगेल, नाहीतर चुलीची फरशी.

बिरेतनं कप खाली ठेवला. “मला खाली जायचंय,” ती म्हणाली. “माझ्या घराखाली काय आहे, ते मला बघायचंय. रोज रात्री खाली सुरुंग उडतो आणि माझा पलंग हलतो. साठ वर्षं हलतोय. निल्स खाली जायचा, माझा मुलगा खाली जायचा. मी कधीच गेले नाही. कुणी नेलंच नाही.”

बाळासोनं मुकादमाला सांगितलं, मुकादमानं वर विचारलं. वरच्यांना वाटलं, एवढ्यानं काम होत असेल तर बरंच आहे. परवानगी मिळाली.

दिवाळी होऊन गेली होती. तिकडं दिवस आखडून दुपारच्या थोड्याशा उजेडापुरता उरला होता. बिरेतनं ठेवणीतला निळा सामी अंगरखा घातला, त्याला लाल-पिवळ्या पट्ट्या, वर डोक्याला खाणीचं शिरस्त्राण. मुकादम गाडी चालवत होता, शेजारी बिरेत, मागं बाळासो. बोगद्यातला रस्ता घाटासारखा वळणावळणानं खाली जात होता, आणि तो चांगला डांबरी होता. बाळासोनं घाट पुष्कळ पाहिले होते, पण ज्याला दरीच नाही असा घाट पहिल्यांदा पाहिला. जसजसं खाली गेले तसतशी गाडीची काच आतून बाहेरून सारखीच दमट झाली.

किलोमीटरभर खोल गेल्यावर मुकादमानं गाडी थांबवली. बिरेत उतरली. तिनं सभोवार पाहिलं. काळ्या दगडाच्या भिंती, तारा, पाण्याचे नळ, लांबवर कुठंतरी यंत्राची घरघर.

“दिवे बंद करता येतील?” तिनं विचारलं.

मुकादमानं गाडीचे दिवे बंद केले, मग डोक्यावरचे. असा अंधार बाळासोनं लडाखातही पाहिला नव्हता. स्वतःचा हात आहे की नाही कळेना. त्या अंधारातून बिरेतचा आवाज आला. “निल्स सांगायचा, खालचा अंधार वेगळा असतो. वर कितीही अंधार असला तरी बर्फ थोडा उजेड देतं. मला ते खरं वाटत नव्हतं.”

दिवे लागले. तिनं हातमोजा काढला आणि तळवा भिंतीला लावला.  मग ती हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला, बाळासोनं तिला धरलं.

“ऊबदार आहे!” ती म्हणाली. “हात लावून बघ. चाळीस वर्षं हा माणूस इथं उबेला येत होता, आणि मी वर बसून त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणत होते! एकदाही बोलला नाही मला!”

मुकादमही हसला. खाली येताना तो घुम्यासारखा होता. तो म्हणाला, “माझा बापही बोलला नाही कुणाला. आईचे मोजे आवडायचे त्याला.”

मग तिनं विचारलं, “माझं घर कुठल्या बाजूला?” मुकादमानं वर तिरका हात केला. बिरेत त्या दिशेला बघत राहिली. तिथं दगडाशिवाय काही नव्हतं. बाळासोही वर बघू लागला. एवढ्या दगडापलीकडं कुठंतरी तिची चूल होती, कॉफीचं भांडं होतं. त्याला वाटलं, धरणाच्या तळाला उभं राहून कुणी वर बघितलं तर असंच वाटेल.

“मला वाटायचं, हे लोक खोटं बोलतात,” बिरेत हळूच म्हणाली. “आम्हाला हलवायला काहीतरी कारण सांगतात. पूर्वीही अशी कारणं सांगितलीच होती त्यांनी. आता बघितलं, खाली खरंच सगळं पोखरलंय. वडीलही बरोबर होते माझे, आणि निल्सही.”

 घरी पोचल्यावर तिनं बाळासोला माळ्यावरून रिकामी खोकी काढायला लावली.

त्या रविवारी बाळासोनं आईला सगळं सांगितलं. लोकरीचे मोजे सांगितल्यावर चंद्राबाई खळखळून हसली. मग तिचा आवाज बदलला.

“लय चांगलं केलंस,” ती म्हणाली. “आमी वाडी सोडली तवा शिमगा झाला हुता. पानी भरलं आखाडात. तुजं वडील, चुलतं, समदी बाप्ये ट्रकात बसून बगाया गेली. आमा बायकांना कुनी न्हेलं न्हाई. म्हनली, तुमी काय बगनार, रडत बसशीला. मानूस मेलं तर तोंड तरी बगाया मिळतं, बाळा. माजं गाव मेलं, आन मला तोंड बगाया मिळालं न्हाई.”

“मग नंतर का गेली न्हाईस? मेढ्याकडं मामाच्या गावाला जात हुतीस की.”

“जायाचे. पर त्या अंगाला तोंड फिरवत न्हवते.”

बिरेतचं घर फेब्रुवारीत पाडलं. उजेड परत आला होता, बर्फ डोळ्यांना झोंबत होतं. ती समोर खुर्ची टाकून बसली होती, अंगावर घोंगडी, शेजारी सरफराज कॉफीचा थर्मास घेऊन उभा. रडायचं नाही म्हणणारा हा गडी त्या दिवशी सकाळपासून नाक पुसत होता, आणि थंडीवर ढकलत होता. बाळासोनं मनाशी ठरवलं होतं की हळूहळू पाडायचं, आधी मागची खोली, मग छप्पर, स्वयंपाकघर अगदी शेवटी. तो यंत्रावर चढणार एवढ्यात बिरेतनं त्याला थांबवलं.

“हळू पाडू नकोस,” ती म्हणाली. “माझे वडील जनावर मारताना रेंगाळत नसत. रेंगाळणं म्हणजे त्याला छळणं, असं म्हणायचे.”

बाळासोनं मान हलवली. पोकलेनचा हात उंच नेला आणि थेट घराच्या मधोमध घातला. कॉफी निवायच्या आत घर खाली बसलं. बापाला आपलं घर उतरवायला तीन दिवस लागले होते, हे त्याला तेव्हा आठवलं. एक एक कौल, एक एक वासा. त्या तीन दिवसांत आई कुठं होती, हे काही केल्या आठवेना.

धूळ बसल्यावर बिरेत उठली, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कोपराला हात लावून गाडीत जाऊन बसली.

करार संपल्यावर मे महिन्यात बाळासो घरी आला. आल्या आल्या त्यानं आईला विचारलं, “मेढ्याला जाऊया का?” चंद्राबाईनं आढेवेढे घेतले. गुडघे दुखतायत, गाडी लागते, आता काय ठेवलंय तिथं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं नेसून, डबा बांधून ओट्यावर बसलेली होती.

धरणाच्या कडेला पोचले तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं होतं, तरी वाडी उघडी पडलेली नव्हती. चंद्राबाई काठावर उभी राहिली. बाळासो तिला धरायच्या बेतानं शेजारी सरकला, पण तिला आधार नको होता. ती बोट दाखवू लागली. “त्यो माळ दिसतोय न्हवं, त्याच्या खाली भैरोबा. त्याच्या म्होरं पाटलाचा आंबा. आन आपलं घर...” बोट पाण्यावर फिरत राहिलं आणि एका जागी थांबलं. तिथं पाण्यातून वर आलेल्या एका खुंटावर पाणकावळा पंख सुकवत बसला होता. “तिथं. न्हाई, जरा अलीकडं.”

मग ती खडकावर बसली आणि रडली. फार वेळ नाही.  तिनं पदरानं तोंड पुसलं, डबा उघडला, त्याला भाकरी दिली आणि स्वतः घेतली. एक तुकडा मोडून तिनं पाण्यात सोडला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, “ती तुजी म्हातारी काय करतीया आता?”

बाळासोनं तिथूनच बिरेतला व्हिडिओ कॉल लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बिरेत खिडकीशी बसलेली होती. तिच्या मागं पडदे नवे होते आणि तिला ते आवडत नसावेत, कारण फोन लागताच तिनं हातानं ते बाजूला सारले. बाळासोनं फोन आईच्या हातात दिला.

दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. चंद्राबाई मराठीत बोलली, बिरेत तिच्या भाषेत. बाळासोनं मधे पडून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा आईनं त्याला हातानं गप्प केलं. मग तिनं फोन फिरवून पाण्याकडं धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पलीकडून बिरेतनं तिचा फोन खिडकीला लावला. लांबवर खचलेला डोंगर होता, त्याच्या खाली मोकळं झालेलं जुनं गाव, आणि त्यावर अजून थोडं बर्फ. दोघी एकमेकींचं दाखवलेलं बघत राहिल्या. 

फोन बंद झाल्यावर चंद्राबाईनं तो पदराला पुसून मुलाला परत दिला.

“चांगली हाय बाई,” ती म्हणाली. “पर लय म्हातारी झालीया रं. तिच्याकडं कोन बगतं?”

“पोरगा हाय की तिचा, त्याच गावात.”

“मग बरं,” असं म्हणून ती उठली आणि गाडीकडं चालू लागली.